एक जूनची पोरगी

एक्स-रेच्या खोलीत शिरलेला दर चौथा माणूस मला विचारायचा, "चाचा, केस विंचरू का?" मी म्हणायचो, "विंचरा की, हाडांनाही तेवढंच बरं वाटेल." आणि तो माणूस खरंच खिशातून कंगवा काढायचा. हिंगोलीतल्या एका छोट्या एक्स-रे सेंटरवर मी तीसेक वर्षं काम केलं. लोकांच्या लेखी मी 'फोटोवाले चाचा'. शिरड शहापूरच्या एका आजोबांनी आपल्या छातीचा फोटो काच लावून भिंतीवर टांगला होता, वाडवडिलांच्या तसबिरींच्या रांगेत, स्वतः ठणठणीत असताना! नरसीच्या एक बाई गुडघ्याची फिल्म उजेडात धरून मला झापायच्या, "दुखून राहिलंय ते यात कुठंय?" मी सांगायचो, "बाई, यात हाड दिसतं, दुखणं दिसत न्हाई." त्या म्हणायच्या, "मग नीट काढा ना पुन्हा!"

अशा गमती सांगायला बसलो तर अंक भरेल. पण संपादकांनी लिहा म्हटल्यावर पहिल्यांदा जी आठवली, ती गंमत नव्हती. ती माझी चूक होती. ज्या पोरीच्या बाबतीत ती झाली तिला आणि तिच्या आईला विचारूनच लिहितो आहे. नावं बदलली आहेत. पोरगी म्हणाली, "चाचा, माझं नाव चांगलं ठेवा." मी वैष्णवी ठेवलं.

आधी कामाचं थोडं सांगतो. लेकराच्या डाव्या हाताचा फोटो काढला की हाड किती वयाचं झालं ते कळतं. वाढत्या हाडांच्या टोकाशी एक काळी फट दिसते. वाढ होते ती तिथंच. मनगटातली बारकी हाडंही वयाप्रमाणं एकेक करून दिसायला लागतात. सतरा-अठराव्या वर्षापर्यंत सगळ्या फटी बुजतात, मग उंची खलास. डॉक्टर पुस्तकातले हात आणि समोरचा हात ताडून बघतात आणि लिहितात, 'हाडाचं वय इतकं.' फोटो काढणं माझं काम, वय लिहिणं डॉक्टरचं. हे मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. तीस वर्षं हात बघून बघून मात्र आपल्याला डॉक्टरपेक्षा जास्त कळतं असा माज चढतो. माझ्या अंगात तो चांगलाच भिनला होता.

आणखी एक गोष्ट बाहेरगावच्या वाचकांना सांगावी लागेल. आमच्याकडं निम्मं गाव एक जूनला जन्मलेलं आहे. पूर्वी लेकरू शाळेत घालताना बापाला जन्मतारीख विचारली की बाप डोकं खाजवायचा. मग हेडमास्तर लेकराची उंची बघायचे, अंदाजानं साल धरायचे आणि एक जून लिहून मोकळे व्हायचे. मी एक जूनचा. माझी बायको एक जूनची, तिचे दोघं भाऊ एक जूनचे. अम्मीला विचारलं तर म्हणायची, "तू ज्वारीच्या काढणीत झालास." त्यामुळं कागदावर एक जून दिसलं की आम्ही गालात हसतो आणि त्या वयात एक-दोन वर्षं इकडची तिकडं मनातल्या मनात करून टाकतो. ही सवय आमच्या रक्तातच आहे म्हणा.

तर थंडीचे दिवस होते. कनेरगाव नाक्यावर चहा-भज्यांचं हॉटेल चालवणारे मारोतराव बायको-पोरीला घेऊन आले. सोबत कबड्डी स्पर्धेचा एक कार्यकर्ता होता. कुठल्याशा गावानं दहा वर्षांखालच्या पोरींची कबड्डी भरवली होती आणि मारोतरावांची वैष्णवी त्यात एकेका चढाईत तीन-तीन गडी मारून येत होती. समोरच्या गावानं हरकत घेतली की ही पोरगी दहाच्या आतली नाही. कार्यकर्ता म्हणाला, "चाचा, हाताचा फोटो काढा, म्हणजे भांडण मिटंल."

मी पोरीकडं पाहिलं. उंच, अंगानं भरलेली, गालांवर दोन मुरमं. ओढणी दोन्ही हातांनी गच्च धरलेली. कागद पाहिला. वय साडेआठ, जन्मतारीख एक जून. मी हसलो. ते हसू मला आजही सतावतं.

पोरीचा हात मी पाटीवर ठेवत होतो तेव्हा तिची आई, सुनीताबाई, दाराशी येऊन हळूच म्हणाली, "चाचा, फोटोत समदं दिसतं का?"

"समदं दिसतं," मी म्हणालो. "हाड खोटं बोलत न्हाई बाई."

बाईचा चेहरा उतरला. मला वाटलं, चोरी पकडली जाणार म्हणून घाबरली.

फोटो पडद्यावर आला. बोटांच्या हाडांच्या टोप्या, म्हणजे फटीपलीकडची टोकं, रुंदावलेल्या, अंगठ्याजवळचं ते तिळाएवढं हाड उमटलेलं. वयात आल्याशिवाय ते सहसा दिसत नाही. आमचे डॉक्टर त्या दिवशी परभणीला गेले होते. दुसऱ्या दिवशी या, रिपोर्ट मिळेल, एवढं बोलून मी गप्प बसायला हवं होतं. पण कार्यकर्त्यानं काउंटरवर विचारलं, "काय चाचा, किती?" आणि वेटिंगमधल्या दहा-बारा माणसांसमोर मी म्हणालो, "बाराच्या आतलं हाड न्हाई हे. साडेआठ म्हणे! एक जूनवाली दिसते."

लोक खो-खो हसले. मारोतराव म्हणाले, "ओ चाचा, असं काहून बोलता? पोरगी माझी हाय, मला म्हाईत न्हाई का?" पण हशात त्यांचं कोण ऐकतो! दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी लिहिलं, 'हाडाचं वय अंदाजे बारा वर्षं.' त्यांनी बराबर लिहिलं होतं. हाडाचं वय म्हणजे पोरीचं वय, हे लोकांनी ठरवलं आणि लोकांना ते मी शिकवलं होतं. पोरीला संघातून काढलं, जिंकलेले सामने हरलेले धरले.

मी ते विसरूनही गेलो.

पावसाळा सरत आला होता तेव्हा एका सकाळी सुनीताबाई पुन्हा दारात उभी. पोरीचा डावा हात कापडाच्या झोळीत. हॉटेलातल्या बाकड्यावरून पडली म्हणे. बाकडं असतं केवढं, गुडघाभर उंच! फोटो काढला तर मनगटाच्या वर हाड मोडलेलं. मला हाड जरा फिकटही वाटलं. साध्या फोटोत फिकट दिसणं हा काही पक्का पुरावा नसतो, पण डोळ्याला खटकलं. पोरगीही निराळीच दिसत होती. अंगानं तशीच, पण चेहरा निस्तेज, कबड्डीवाली रग कुठं नाही.

चिठ्ठीवर वय लिहिलं होतं नऊ. आणि माझी जीभ! मी म्हणालो, "अजून नऊच का?"

सुनीताबाई भडकली. एरवी डोक्यावरचा पदर ढळू न देणारी बाई, पण खोली दणाणून सोडली तिनं. "चाचा, नऊच हाय माझी लेक! एक जूनला झाली ती एक जूनलाच झाली! मी काय करू? लेकराला सांगू का, दोन दिस थांब, ही तारीख बदनाम हाय म्हणून?" तिनं पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं लसीकरणाचं कार्ड काढून माझ्यापुढं आपटलं. "पाहा. दवाखान्यात झालीय. नर्सबाईच्या हातचं लिहिलंय. एकानंबी मागितलं न्हाई हे आमाला. तुमी बोलला आणि समद्यांनी तेच धरलं."

मी कार्ड उघडलं. जन्म एक जून. जन्मावेळचं वजन. दीड महिन्याची सुई, अडीच महिन्याची, साडेतीन महिन्याची, नवव्या महिन्याची गोवराची. प्रत्येक तारखेपुढं सही, वेगवेगळ्या शाईतली. असलं कार्ड खोटं करायला मोठं डोकं लागतं आणि ते कुणी कबड्डीसाठी चालवत नाही. पोरगी खरोखरच एक जूनला जन्मली होती. 

मी तिला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं. "सांगा बाई," म्हणालो, "काय काय झालं ते सांगा."

बाई रडतच बोलली. सातवं सरता सरता पोरीच्या छातीला गाठी आल्या. साडेआठला पाळी आली. दोनदा येऊन गेली होती तेव्हा ते फोटोला आले होते. कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. 'समदं दिसतं का' हे तिनं त्यासाठी विचारलं होतं. तिला वाटलं, आता फोटोत तेही दिसणार आणि मी ते काउंटरवर ओरडून सांगणार. माझा लौकिकच तसा!

पुढं नाक्यावर चहा पिणारा जो तो मारोतरावांना विचारायला लागला, "काय राव, पोरीची तीन वर्षं कुठं दडवली?" माणूस चिडून चिडून गप्प झाला. पोरीचं मैदान बंद, दोरीवरच्या उड्या बंद. उन्हात जायचं नाही, अंग दिसतं. शेजारणी पोरीचं अंग बघून म्हणाल्या की गरम आणि पौष्टिक खाण्यानं पोरगी लवकर शहाणी झाली, वयात आली. म्हणून दूध, अंडी, तीळ, शेंगदाणे बंद. अंगानं भरलेली आहे म्हणून जेवणही अर्धी भाकर. पोरगी भुकेजून हॉटेलातली भजी चोरून खायची. म्हणजे हाडाला लागतं ते सगळं ताटातून गेलं आणि वजन होतं तिथंच राहिलं. सुनीताबाईनं हे सगळं पोरीच्या भल्यासाठी केलं होतं. पहाटे उठून नवससुद्धा बोलली होती बिचारी.

"चाचा, माझं चुकलं का?" तिनं विचारलं.

"तुमच्या आधी माझं चुकलं," मी म्हणालो. आयुष्यात हे वाक्य मी घरी बायकोलाही फार वेळा म्हटलेलं नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला नांदेडच्या एक डॉक्टर मॅडम दर दुसऱ्या शनिवारी येतात, लेकरांच्या वाढीच्या तज्ज्ञ. पोरीचा हात प्लॅस्टरमध्ये घातला आणि त्या शनिवारी मी जुनी-नवी फिल्म, कार्ड आणि मायलेकींना घेऊन त्यांच्याकडं गेलो. मॅडमनी फिल्म पाहिली, कार्ड पाहिलं, पोरीला तपासलं आणि मला म्हणाल्या, "चाचा, तीस वर्षं फोटो काढताय, हे तुम्हाला सुचलं नाही?" मी खाली मान घातली. त्यांनी दुसऱ्यांदा टोचलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

मग त्यांनी सुनीताबाईला समजावलं आणि मी कान देऊन ऐकलं. काही मुलींच्या मेंदूतून वयात येण्याची खूण फार लवकर सुटते. वजन जास्त असलं तर हे लवकर होण्याचा संभव वाढतो, पण वजन हेच कारण असं प्रत्येक वेळी नसतं, आणि दूध-तिळाचा तर यात काही गुन्हाच नाही. वयात येणं सुरू झालं की हाडं घाई करतात. पोरगी आज वर्गात सगळ्यांत उंच दिसते, पण फटी लवकर बुजतात आणि पुढं तीच सगळ्यांत बुटकी राहते. "साडेआठच्या पोरीचं हाड बाराचं, हाच तर आजार आहे," मॅडम म्हणाल्या. "रिपोर्ट बरोबर होता. वाचणारे चुकले."

उपाय होता. आधी मेंदूचा फोटो काढून तिथं काही बिघाड नाही ना ते बघायचं. मग दर महिन्याला एक इंजेक्शन, त्यानं ही घाई थांबते. गेली ती उंची परत येत नाही, पण उरलेली बरीचशी वाचवता येते. मात्र इंजेक्शन चालू असताना हाडात चुना, म्हणजे कॅल्शियम, भरण्याचा वेग थोडा मंदावतो आणि काही पोरींचं वजनही वाढतं. म्हणून दोन्हीकडं लक्ष हवं. "तिला उपाशी ठेवायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "दूध-दही, अंडं, तीळ, शेंगदाणे, भाकर, डाळ पोटभर द्या. भजी, शेव, गोड बंद. वजन उतरवायच्या मागं लागू नका, आहे तिथं थोपवा, उंची वाढली की ते आपोआप अंगात बसेल. आणि हिला पळू द्या, उड्या मारू द्या, उन्हात. हाडावर जोर पडला तरच हाड भरतं. बसवून ठेवलेल्या पोरीचं हाड कशाच्या जोरावर पक्कं होणार?"

सुनीताबाई इंजेक्शनाला लगेच तयार झाली.  बाहेर आल्यावर म्हणाली, "चाचा, बाकी समदं करते मी. पण तिचे बाबा मैदानावर पाऊल ठेवू देणार न्हाईत. चारचौघांत लई ऐकलंय त्यांनी."

चारचौघांत बोललेलं चारचौघांतच गिळावं लागतं. मी रविवारी कनेरगाव नाक्याची गाडी धरली.

हॉटेल भरलेलं होतं. वाशीमकडं जाणारे ट्रकवाले, बाजाराला निघालेली माणसं. मला पाहून मारोतराव म्हणाले, "या चाचा. आता कुणाचा फोटो काढायला आलात?" दोघं-तिघं हसले. मी चहा न घेता उभाच राहिलो आणि जरा मोठ्यानं म्हणालो, "मारोतराव, तुमच्या पोरीचं वय मी हिंगोलीत दहा माणसांपुढं खोटं ठरवलं. ते माझं चुकलं. पोरगी खरंच एक जूनची हाय. दवाखान्याचं कार्ड मी डोळ्यांनी पाहिलं. तिची हाडं लवकर वाढून राहिलीत, ही तकलीफ हाय, लबाडी न्हाई. तुमी एका दिवसाचंबी खोटं बोलला न्हाईत."

  कोपऱ्यातला एक म्हातारा म्हणाला, "म्हंजे पोरगी खरीच नवाची? आयला, मग चढाई भारीच करती!"

मारोतराव झारा हातात धरून उभे होते. डोळे भरलेले. मला वाटलं आता गळ्यात पडतील. पण ते म्हणाले, "चाचा, माफी मागायला तुमाला आठ-नऊ म्हैने लागले. माझी पोरगी तेवढे म्हैने घरात बसली. ते कोन भरून देनार?"

 मी म्हणालो, "ते म्हैने माझ्याच माथी, मारोतराव. पण पुढचे तुमच्या हातात हायेत. पोरीला खेळू द्या. हाडाला लागतं ते."  त्यांनी माझ्यापुढं चहा ठेवला, बशीत भजी नव्हती. मी सरळ अर्थ घेतला की राग अजून आहे. नंतर कळलं की मॅडमकडून आल्या दिवसापासून पोरीसमोर कुणालाच भजी द्यायची नाहीत असा हॉटेलचा कायदा झाला होता आणि वैष्णवी गल्ल्यापाशी बसून माझ्याकडं बघत होती!

मेंदूचा फोटो साफ निघाला. इंजेक्शनं सुरू झाली. पोरगी पहिल्यांदा फार रडली, नंतर नर्सलाच दम द्यायला लागली, "हळू द्या, माझी चढाईची मांडी हाय." पाळी थांबली. रक्तात ड जीवनसत्त्व पार तळाला गेलेलं होतं, त्याचं औषध चाललं. प्लॅस्टर निघून हाताला जोर आल्यावर सुनीताबाई रोज सकाळी तिला शाळेच्या मैदानावर घेऊन जायची. बाप येत नव्हता. मग एकदा आला, कुंपणाबाहेर उभा राहिला. मग आत आला. हे मला सुनीताबाईनं सांगितलं, दर खेपेला थोडं थोडं.

सगळं काही सुरळीत झालं असं नाही. मध्ये सहा महिने वजन वाढतच गेलं. पोरी चिडवायच्या, ती जेवण टाकून द्यायची, आई घाबरून फोन करायची. मॅडम म्हणायच्या, "काट्याकडं रोज बघू नका, महिन्यातून एकदा बघा. ताटाकडं मात्र रोज बघा." काळजी वाटेल असे पुष्कळ दिवस गेले. पण वर्षातून एकदा हाताचा फोटो माझ्याकडं यायचा आणि तो पाहिला की मी त्या दिवशी घरी बायकोला दोनदा सांगायचो. दोन वर्षांत पोरगी दोन वर्षांनी वाढली, हाड मात्र जेमतेम वर्षभर सरकलं. फटी उघड्याच. शेवटची फिल्म मी माझ्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात काढली. ती अकराची झाली होती. कुणी वय विचारलं नाही, मीही बोललो नाही. फिल्म पाकिटात घालून मॅडमकडं पाठवली. मॅडम म्हणाल्या, "आता इंजेक्शन बंद. आता हिला हिच्या वेळेनं मोठी होऊ द्या." उंचीत ती मैत्रिणींच्या बरोबरीनं आली होती, फार पुढं नाही, मागंही नाही.

मी घरी बसलो, त्याला आता वर्ष होऊन गेलं. नातवंडांना शाळेत सोडतो, बायकोचं ऐकतो. परवा दुपारी फोन वाजला. सुनीताबाई.

"चाचा," ती म्हणाली, आणि अजिबात न चाचरता म्हणाली, "वैष्णवीला आज पाळी आली. बारा पुरी झाल्यावर. बराबर हाय ना?"

साडेआठव्या वर्षी जे नवऱ्यालाही सांगता आलं नाही, ते ती मला, परक्या धर्माच्या म्हाताऱ्या माणसाला, भर दुपारी फोनवर सांगत होती. मागून हॉटेलातले आवाज येत होते.  "एकदम बराबर हाय लेकी," मी म्हणालो.

तेवढ्यात फोन पोरीनं हिसकावून घेतला. "चाचा, उद्या मॅच हाय माझी."

मी सवयीनं सावध झालो. म्हटलं, "बेटा, उद्या खेळायचं का न्हाई ते मॅडमला विचार. मी फोटो काढणारा माणूस, मला त्यातलं कळत न्हाई."

पलीकडं मायलेकी दोघी हसल्या.

"त्यांना कवाच विचारलं," वैष्णवी म्हणाली. "त्या म्हणल्या, पोट दुखलं न्हाई तर खुशाल खेळ. तुमाला इचाराया न्हाई फोन केला चाचा. बाबा म्हणून राहिले, चाचांना पाहायला बोलाव."